सोनोग्राफीची पूर्वतयारी : गरोदर माता व कुटुंबीयांसाठी

आमच्या प्रसूतिपूर्व विभागात सोनोग्राफीसाठी येणाऱ्या बहुतेक भगिनी प्रथम एकच प्रश्न विचारतात, 'पाणी किती प्यायचे?' प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु या तपासणीची खरी तयारी त्याच्या कितीतरी आधी, घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी सुरू होते. देणगीदारांच्या औदार्यातून यंत्र उभे राहते, तज्ज्ञ उपलब्ध होतात. तथापि माता योग्य आठवड्यात व योग्य माहितीसह आली नाही, तर त्या यंत्राचा पुरेसा लाभ तिला देता येत नाही. म्हणूनच हे टिपण.

तपासणीचे स्वरूप

सोनोग्राफीत मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटावरून आत सोडल्या जातात आणि परत येणाऱ्या लहरींपासून पडद्यावर चित्र उमटते. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या तंत्राविषयीचा लेख प्रसिद्ध केला आणि त्यानंतर प्रसूतिशास्त्रात त्याचा प्रसार झाला. यात क्ष-किरणांचा वापर नसतो. वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित डॉक्टरांकडून केलेल्या तपासणीने बाळाला इजा होत नाही. तिची भीती बाळगू नये. मात्र केवळ हौसेखातर ती पुनःपुन्हा करवूनही घेऊ नये.

पहिली तयारी : तारीख

गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो दिवस विचारला असता अनेक भगिनी सणांच्या आधाराने उत्तर देतात. 'संक्रांतीच्या चार दिवस आधी' या उत्तरावरून तारीख काढणे सोपे असते. गुढीपाडव्याचे तसे नाही. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, तर २०२५ मध्ये ३० मार्चला. सुमारे सांगितलेल्या दिवसाने दहा दिवसांचा फरक सहज पडतो. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करण्याची सवय प्रत्येक विवाहितेने लावून घ्यावी.

समजा, शेवटची पाळी १० जानेवारी २०२५ रोजी आली. नऊ महिने व सात दिवस मिळविले की प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर २०२५ येते. अकरावा आठवडा २८ मार्चला पूर्ण होतो, अठरावा १६ मेला आणि विसावा ३० मेला. हे गणित पाळी दर २८ दिवसांनी नियमित येणाऱ्या स्त्रीसाठी आहे. पाळी अनियमित असल्यास, किंवा बाळाला अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहिल्यास, तसे स्पष्ट सांगावे. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीच वय निश्चित करते. त्या काळात गर्भाच्या लांबीवरून काढलेले वय साधारणपणे ५ ते ७ दिवसांच्या फरकाने बरोबर येते. शेवटच्या तीन महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो.

याचा प्रत्यय आम्हांस अनेकदा येतो. एक भगिनी प्रथमच तपासणीस आली तेव्हा सासूबाईंच्या हिशेबाने आठवा महिना सुरू होता. बाळाची मापे मात्र २८ आठवड्यांची भरली. बाळाची वाढ खुंटली आहे, की तारीख चुकली आहे? पूर्वीचा एकही अहवाल नसल्याने त्या दिवशी निर्णय देणे शक्य झाले नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे लागले. बाळ व्यवस्थित वाढत होते. चूक तारखेचीच होती. परंतु दरम्यानचे दिवस त्या कुटुंबाने कोणत्या मनःस्थितीत काढले असतील, आणि पतीची किती दिवसांची मजुरी बुडाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

कोणती तपासणी केव्हा?

१) पहिल्या तीन महिन्यांत : गर्भ गर्भाशयातच आहे ना, हृदयाचे ठोके, जुळे आहे का, आणि गर्भाचे वय.
२) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस : गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी याच काळात मोजता येते; पुढे ही संधी राहत नाही.
३) १८ ते २० आठवडे : मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडे व हातपाय यांची सविस्तर पाहणी.
४) पुढील काळात : डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वाढ, गर्भजल व वारेची जागा पाहण्यासाठी.

तिसरी तपासणी कदापि टाळू नये. हृदयाचा दोष आधी समजल्यास बालहृदयतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी प्रसूतीची योजना करता येते. गंभीर व्यंग आढळल्यास पुढील चाचण्या व समुपदेशन यांना वेळ लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने याबाबत काही मुभा दिली असली, तरी २४ आठवड्यांनंतरचा गर्भपात वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर अवलंबून असतो. एकेक आठवडा मोलाचा असतो, तो यासाठी.

तपासणीच्या दिवशी

सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून तपासणी असल्यास तासभर आधी तीन ते चार पेले पाणी प्यावे व लघवीस जाऊ नये; भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय स्पष्ट दिसते. योनिमार्गातून तपासणी असल्यास उलट मूत्राशय रिकामे लागते. पुढील महिन्यांत मूत्राशय भरण्याची सहसा गरज नसते. उपाशी राहू नये. मधुमेह असलेल्या मातांनी तर मुळीच नाही. पोट सहज उघडता येईल असा सैल पोशाख असावा. उताणे झोपल्यावर चक्कर आल्यास संकोच न करता सांगावे. डाव्या कुशीवर वळताच बरे वाटते. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीचे सर्व अहवाल एकाच पिशवीत आणावेत.

एक प्रश्न, जो विचारू नये

तपासणीपूर्वी फॉर्म 'एफ' भरला जातो व गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे मातेकडून लेखी घेतले जाते. १९८८ मध्ये याविषयी कायदा करून महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. लिंग सांगणारा डॉक्टर व त्यासाठी आग्रह धरणारे नातेवाईक, दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. आमचे डॉक्टर उत्तर देणार नाहीत. कृपया खुणेनेही विचारू नये.

शेवटी एक नम्र सूचना. अहवाल 'सर्वसाधारण' आला म्हणजे प्रत्येक दोषाची शक्यता संपली असे नव्हे. काही दोष सोनोग्राफीत दिसतच नाहीत. म्हणून नियमित तपासण्या चालू ठेवाव्यात. आमच्या हितचिंतकांना विनंती की, आपल्या घरी, शेजारी वा कामावर येणाऱ्या भगिनीला दिवस राहिल्याचे कळताच तिला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : पाळीची तारीख लिहून ठेव, आणि पहिल्या तीन महिन्यांतच तपासणीला जा. या देणगीला पैसे लागत नाहीत. तिचे मोल मात्र आम्ही रोज अनुभवतो.