"कामून घाई करता, वहिनी?"

गाव निवडण्यात आम्ही चुकलो नाही, हे आधी सांगून ठेवते. नात्यातलं कुणी भेटलं की अजून तेच उकरून काढतात, "चाकण सोडून शिरड शहापूरला कोण जातं?" ह्यांची कंपनीतली नोकरी गेल्यावर दीड खोलीचं साडेसात हजार भाडं, वर लाइटबिल, टँकरचं पाणी, दोन लेकरांची फी आणि सासूबाईंची औषधं कशातून भागवायची, ते यांच्यापैकी एकानेही सांगितलं नव्हतं. इथे तीन खोल्या आणि अंगण अडीच हजारात मिळालं. आम्ही अजून त्याच घरात राहतो आणि घरमालक भला माणूस आहे. आमचं नुकसान केलं ते प्लॉट घ्या म्हणून मागे लागलेल्या माणसाने, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्या आमच्याच पाहुण्यांनी. बोल मात्र गावाला लागतो, म्हणून हे लिहिते आहे.

नांदेड, हिंगोली, वसमत सगळं बघून झालं होतं. नांदेडला दवाखाने आहेत, क्लासेस आहेत, पण बऱ्या वस्तीतलं भाडं आमच्या हिशेबात बसेना. ह्यांना वसमतला हळदीच्या आडतीवर हिशेबाचं काम मिळालं. वसमतला हळदीचा बाजार मोठा, पूर्णा-अकोला मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. शिरड शहापूर औंढा-वसमत रस्त्यावर असल्याने ह्यांचं रोजचं जाणं-येणं जमतं. इथे मल्लिनाथ भगवंतांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे, औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंगही जवळच. त्यामुळे बाहेरगावच्या माणसांचा राबता असतो आणि रस्ता ओसाड पडत नाही. बाई एकटी फाट्यावर उभी राहिली तरी भीती वाटत नाही. स्वस्त गाव शोधताना हे कुणी विचारात घेत नाही.

घर बघायला मी मुद्दाम मे महिन्यात आले. दिवाळीच्या सुट्टीत सगळीच गावं हिरवीगार दिसतात. पारावरच्या पुरुषांना विचारलं की "पाण्याची काही अडचण नाही" एवढंच उत्तर येतं, कारण पाणी भरायला ते जात नाहीत. नळावरच्या बायकांना विचारा. नळ कितव्या दिवशी येतो, मोटर लावल्याशिवाय चढतो का, या घराचा बोअर कोणत्या महिन्यात आटतो. एका म्हातारीने मला हात धरून दोन घरं दाखवली आणि सांगितलं, "हितं ऱ्हाऊ नको माय, आखाडातबी पाणी विकत घ्यावं लागतंय." तिच्यामुळे आमचा पहिला उन्हाळा निभावला.

घराच्या भिंतीही नीट बघून घ्या. या भागाला भूकंपाचे धक्के बसतात. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलै 2024 ला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, दोन्ही वेळा सकाळी. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे जमिनीतून आवाज येतात, तेही खरं आहे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली असेल आणि वरून नवा रंग मारला असेल तर हात फिरवला की कळतं. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर दडपण म्हणून ठेवलेले दगड आधी उतरवून घ्या. ओढा किती लांब आहे तेही विचारा. 2022 च्या जुलैत जवळच्या कुरुंद्यात लोकांच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं.

शाळेचं एक सांगते, कारण आम्हाला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही. नवोदय विद्यालय वसमतला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मुलाची पाचवी याच जिल्ह्यात व्हावी लागते, आणि ग्रामीण कोटा हवा असेल तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली लागतात. आमच्या थोरल्याची तिसरी चाकणला झाली आणि चाकणला आता नगरपरिषद आहे, म्हणजे ते वर्ष ग्रामीणमध्ये धरलं जात नाही. तेव्हा लेकरं ज्या इयत्तेत आहेत तिचा हिशेब करूनच मुक्काम हलवा. टीसीसाठी मात्र घाबरू नका, आठवीपर्यंत टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. रेशन कार्डावरची नावं लगेच हलवली नाहीत तरी धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं.

वाचलेलं भाडं प्रवासात जातं, असं म्हणतात. आमच्याकडे तेवढं गेलं नाही. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असल्याने त्यांना लागतच नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात त्यांना नेते तेव्हा माझंच अर्धं तिकीट लागतं. पण शेवटची गाडी कितीला जाते ते वेळापत्रकात बघू नका. एक संध्याकाळ फाट्यावर थांबून डोळ्यांनी बघा. रात्री-अपरात्री 108 ला फोन लावालच, तरी गल्लीत गाडी कुणाकडे आहे आणि तो माणूस रात्री उठतो का, हेही आधी माहीत करून घ्या.

आता प्लॉटचं.

आम्ही राहायला येऊन बस्तान बसतंय तोवर हा माणूस घरी येऊ लागला. आमच्या नणंदेच्या सासरकडचे एक पाहुणे त्याला घेऊन आले. दीड गुंठा, अगदी रोडटच, एनए होणारच आहे, भाव आत्ताच आहे. औंढ्याजवळ लिगो येतंय, जालना-नांदेड महामार्ग येतोय, दोन वर्षांत दुप्पट. लिगोचं खरं आहे, केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी दिली. पण ती गुरुत्वीय लहरी मोजणारी प्रयोगशाळा आहे. तिला भोवताली जमीन शांत लागते, हादरे नको असतात. तिच्यामुळे शिरडच्या दीड गुंठ्याला सोन्याचा भाव कसा येणार, हे मी विचारलं. त्यावर तो ह्यांच्याकडे बघून हसला आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं.

मी पहिल्या बैठकीपासून सातबारा मागत होते. दर वेळी एकच उत्तर, "कामून घाई करता, वहिनी? कागद काय पळून चालला का?" आणि ह्यांना, "पाहुणे, घरच्या माणसात सातबारा मागतेत का?" मग आमचे ते मध्यस्थ पाहुणे छातीला हात लावून म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" आपल्याकडे हे वाक्य आलं की विषय संपतो. पुढे कागद मागणं म्हणजे नातं तोडणं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. ज्या व्यवहारात हे वाक्य येईल त्यातून चहाचा कप खाली ठेवून उठा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. ज्याचे कागद चोख असतात तो तुम्ही मागायच्या आधी पुढे करतो.

शंभराच्या बॉण्डवर लिखापढी झाली, नोटरीचा शिक्का बसला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. तेव्हा शंभराचा चालत होता, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झाला. इसार दोन लाख. त्यात ह्यांच्या पीएफचे पैसे आणि माझ्या पाटल्या होत्या. सव्वा लाख त्याने रोखच हवेत म्हणून हट्ट धरला.

पुढे खरेदीखताची तारीख रोज पुढे जाऊ लागली. एकदा मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत गेले होते. बॉण्डवरचा गट नंबर माझ्या पाठ होता. तिथल्या मुलाला म्हटलं, बाळा, एवढ्याचा सातबारा काढ. पंधरा रुपयांत निघाला. खातेदारांच्या रकान्यात चार नावं होती, त्यात याचं एकही नाही. इतर अधिकारात बँकेचा बोजा. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, गट नंबर बोटाने पडताळला.

तशीच फाट्यावर गेले. तो हॉटेलात बसला होता, पाठमोरा. मी मागे उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. टेबलावर बशीशेजारी त्याचा मोबाइल उताणा ठेवलेला होता. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर नाव आलं, "चाकणवाले पाहुणे". हे वसमतहून लावत होते. रोज लावायचे, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, बिचारा शेतात असेल, रेंज नसेल. त्याने पडद्याकडे बघितलं. मोबाइल उचलून पालथा घातला आणि बशीत चहा ओतला. मोबाइल टेबलावर थरथरत राहिला आणि तो फुंकर मारून चहा पीत राहिला. मग त्याला मी दिसले. जराही न चपापता म्हणाला, "या की वहिनी, चहा घ्या."

मी कागद पुढे धरला. त्याने वाचलाही नाही. म्हणाला, "हा सौदा मीच अजून बॉण्डवर केलेला हाय. माझ्याच नावावर नाही, तर तुमाला खरेदीखत कुठून देऊ?" जणू आम्हीच त्याला अडचणीत आणलं होतं! पैसे परत द्या म्हटलं तर म्हणतो, ते मूळ मालकाला दिले. ज्याच्या मालकीची एक ढेकूळ नाही त्याने आमच्या पाटल्या दुसऱ्याच्या सौद्यात भरल्या होत्या, आणि आवाजात कसली म्हणून लाज नव्हती. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

वकिलाकडे गेल्यावर जे कळलं ते इथे मांडते. बॉण्डने आणि नोटरीने जमीन कुणाच्या नावावर होत नाही. शंभर रुपयांच्या वरची जमीन विकायची तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं, हे 1882 आणि 1908 च्या कायद्यांपासून आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये पुन्हा बजावलं. शेतजमिनीतला दीड गुंठा तर तुकडेबंदी कायद्यातच अडकतो. ऑगस्ट 2023 पासून जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याखालचा तुकडा सरळ नोंदवला जात नाही. "एनए होणार" याला काही अर्थ नाही. अकृषिक आदेशाची प्रत आणि मंजूर लेआउटचा नकाशा, त्यावर तुमच्या प्लॉटचा नंबर, हे हातात द्या म्हणायचं. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 मागायचा, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2025 मध्ये सरकारने जुन्या तुकड्यांना सवलत आणली तेव्हा हाच माणूस निरोप पाठवतो, "बघा, आता रेग्युलर होईल." सवलत मिळाली तरी सातबाऱ्यावरच्या माणसांनी सही करायला समोर यावं लागतं, आणि त्या चौघांना आमचं नावही माहीत नाही.

सातबारा विकणाऱ्याकडून घेऊ नका, स्वतः काढा, आणि पैसे द्यायच्या दिवशी सकाळी पुन्हा काढा. फेरफारही बघा. बहिणींची नावं आहेत का, बोजा आहे का, कोर्टाची नोंद आहे का. घाई करू नका, कागद नीट वाचा, घरात बाई काही विचारत असेल तर तिला गप्प बसवू नका. आणि नव्या गावात निदान एक उन्हाळा, एक पावसाळा भाड्याने राहिल्याशिवाय जागेचं नावही काढू नका.

जागेच्या इसारापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2015 पासून साधारणपणे बंदी आहे. रोखीचा हट्ट धरणाऱ्याला हे तोंडावर सांगा. वकिलांनी आमच्याकडे सगळ्यात आधी पासबुक मागितलं. बँकेतून गेलेले पाऊण लाख दाखवता येतात. रोख दिलेल्या सव्वा लाखासाठी साक्षीदाराने उभं राहायला हवं. दोन साक्षीदारांपैकी एक त्या माणसाचा भाऊ आहे. दुसरे आमचे तेच पाहुणे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "हे बघा, मला यात ओढू नका, मला दोन्हीकडची नाती सांभाळायची आहेत."