एक नोटीस मुलांसाठीही

आई-बाबांनो, आज तुमच्याशी एका फुटबॉलबद्दल बोलायचंय.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मंगळवार पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्या सोडत होतो. टेम्पो दुपारी यायचा होता. कॉटखालची ट्रंक ओढली, तर तिच्यामागून माझ्या जुन्या साडीत करकचून गुंडाळलेलं काहीतरी निघालं. सोडून बघते तर धाकट्याचा फुटबॉल. पाटाकडील तालमीची मॅच असली की दप्तर कोपऱ्यात फेकून पळणारा हा पोरगा. त्याने महिनाभर बॉलला पाय लावला नव्हता, आणि आमच्या धांदलीत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी विचारलं, तसा त्याचा बांध फुटला. "मी आता भिंतीला बॉल मारत नाही. सांग की काकूंना, राहू देत म्हणून."

काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. परसातल्या भिंतीवर त्याने कोळशाने गोलपोस्ट काढला होता आणि एकदा बॉल लागून काकूंची कुंडी फुटली होती. त्या रागावल्या, दुसऱ्या दिवशी विसरूनही गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांना खोल्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी आम्हाला महिन्याची मुदत दिली. दाराआडून पोराच्या कानावर एवढंच पडलं, "खोली खाली करावी लागेल." त्याने आपल्या मनाशी हिशेब मांडला: मी कुंडी फोडली, म्हणून आपलं घर गेलं.

त्याची परीक्षा जवळ आली होती, उगाच डोक्याला ताप नको म्हणून आम्ही आदल्या रात्रीपर्यंत त्याच्यापासून सगळं लपवलं होतं. आम्हाला नोटीस मिळाली महिन्याची, त्याला मिळाली एका रात्रीची. आणि तो महिनाभर नसलेला अपराध पोटात घेऊन आमच्याच शेजारी झोपत होता. म्हणून हे हितगुज. घर सोडायचं नक्की झालं, की त्याच आठवड्यात मुलांना सांगा. घरमालक तुम्हाला जशी नोटीस देतो, तशी तुम्ही मुलांना द्या.

आपण कोल्हापूरकर. पावसाळ्यात आपला दिवस "राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं?" या प्रश्नाने सुरू होतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. या दोन आकड्यांच्या मधल्या वेळात सुतारवाड्यातली, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली माणसं सामान वर चढवतात, कागदपत्रं पिशवीत भरतात, म्हाताऱ्यांना हलवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीचं पाणी असं चढलं, की कितीतरी लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. तो वेळ नदीने दिला नव्हता. भाड्याचं घर सोडताना तो आपल्या हातात असतो. मग आपल्याच लेकराला इशारा न देता थेट धोक्याच्या रेषेवर का उभं करायचं?

सांगायचं कसं? मी सांगते, दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं ते. कळंब्याकडचं घर सोडून आर. के. नगरात जायचं ठरलं, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर घराचं ॲग्रीमेंटच पोरासमोर ठेवलं. अकरा महिन्यांचा करार, सुरुवातीची तारीख, संपायची तारीख, एक महिन्याच्या नोटिशीचं कलम. म्हटलं, "हे बघ, आपण इथं राहायला आलो त्या दिवशीच ही तारीख लिहिली होती. तुझ्यामुळं काही झालेलं नाही." त्याने तारखेवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मोठ्यांच्या शब्दापेक्षा कागदावरच्या तारखेने त्याला जास्त धीर दिला.

तो कागद तुम्हीही नीट वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावरही घर अडवून ठेवलं, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. मुलाची दहावी असेल, मार्चपर्यंत थांबणं गरजेचं असेल, तर मुदत संपायच्या आधीच मालकांशी मोकळेपणाने बोला आणि ठरेल ते लिहून घ्या. शेवटच्या आठवड्यातली ओढाताण आणि चढलेले आवाज मुलांच्या फार खोल लक्षात राहतात.

शाळेचा प्रश्न घर बघायच्या आधी सोडवा. नवं घर त्याच शहरात असेल आणि के. एम. टी. च्या बसने किंवा रिक्षाने जाता येत असेल, तर निदान ते वर्ष शाळा बदलू नका. घर आणि शाळा एकदम सुटली, तर पोराला धरायला काहीच उरत नाही. बदलावीच लागली तर जूनमध्ये, सगळ्यांची वह्या-पुस्तकं नवी असतात तेव्हा बदला. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो त्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे ठाऊक असलं, की शाळेच्या ऑफिससमोर आपला आवाज कापत नाही, आणि शेजारी उभं असलेलं मूलही घाबरत नाही.

बांधाबांधीत मुलांना खरी कामं द्या. आमच्या पोराने महावितरणच्या मीटरचं रीडिंग वहीत टिपलं, फोटो काढला, लाईटबिलावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो त्यानेच काढले, डिपॉझिट परत घेताना ते कामाला आले. प्रत्येक मुलाचं एक खोकं वेगळं करा. त्यात काय जाणार ते त्यानेच ठरवावं, तुम्हाला कचरा वाटला तरी. ते खोकं टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे नव्या घरी सगळ्यात आधी उतरेल. पहिल्या रात्री मुलाची चादर, उशी आणि सकाळचा युनिफॉर्म हाताशी असला, की निम्मी लढाई जिंकलीत.

आणि जायच्या आधी निदान दोन रविवार मुलाला नव्या गल्लीत नेऊन आणा. त्याला खोल्यांची मापं नकोत. खेळायला जागा कुठं आहे, कुत्रं चावकं आहे का, सायकल कुठं लावायची, हे त्याचे प्रश्न असतात. ते त्याच्या डोळ्यांनी सुटू द्या. पेठेत वाढलेल्या मुलाचं तर आणखी एक दुःख असतं. त्याची तालीम, त्याचं मंडळ, गणपतीतली त्याची जागा मागं राहते. "तिथं नवे मित्र मिळतील" म्हणून ते उडवून लावू नका. सणाला आणि मॅचला त्याला जुन्या पेठेत घेऊन जायचं कबूल करा, आणि कबूल केलंत तर न्याच.

मुलांसमोर दोन गोष्टी मात्र टाळा. एक, घरमालकांना नावं ठेवणं. काल ज्यांच्या हातचं थालीपीठ खाल्लं, त्या काकू आज एकदम वाईट कशा झाल्या, हे लेकराला उमजत नाही. दोन, "पुढच्या वर्षी आपलं स्वतःचं घर" असं खोटं आश्वासन. जमणार असेल तेव्हाच सांगा. शाळेत कुणी "तुमचं भाड्याचं घर ना?" म्हणून हिणवलं, तर त्याला आपल्या गावाची गोष्ट सांगा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. खेड्यापाड्यांतली किती पोरं या गावात दुसऱ्याच्या छपराखाली राहून शिकली! छप्पर कुणाच्या नावावर होतं, यावरून त्यांची किंमत कुणी केली नाही.

निरोपालाही वेळ ठेवा. शेजारच्यांचे राहिलेले डबे मुलांच्या हातूनच परत पाठवा, आणि रिकामे नको, चमचाभर साखर तरी घालून. किराणावाल्याची उधारी चुकती करायला त्याला बरोबर न्या. देव हलवायच्या आधी घर झाडून घ्या, एक दिवा लावा, आणि प्रत्येकाला आपापल्या आवडत्या कोपऱ्यात क्षणभर बसू द्या. त्या मिनिटात रडू आलं तर येऊ द्या. "मोठा झालास आता" म्हणून ते थांबवू नका.

कळंब्याच्या घरातल्या शेवटच्या संध्याकाळी सगळं सामान बांधून झालं होतं, फक्त बॉल बाहेर होता. पोरगा अंधार पडेपर्यंत गल्लीतल्या मुलांबरोबर खेळला. सकाळी किल्ली त्यानेच मालकांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. टेम्पो निघाला तेव्हा तो ड्रायव्हरशेजारी बसला होता, आणि धुळीने माखलेला बॉल त्याच्या मांडीवर होता, सगळ्यांना दिसेल असा.