दोन महिन्यांचं काम चार महिने का चालतं?

प्रश्न : आमची इमारत 1988ची आहे. दोन बेडरूमचं घर पूर्ण नव्यानं करायचं ठरवलंय. ठेकेदार म्हणतो, दोन महिन्यांत चावी हातात देतो. पण ओळखीत ज्यांनी ज्यांनी काम काढलं, त्यांचे दुप्पट महिने गेले. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा होता, मग उशीर सगळीकडे सारखाच कसा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठेकेदार दोन महिने सांगतो, तेव्हा तो माणसांच्या हातांचा हिशेब सांगत असतो. गवंड्याचे इतके दिवस, सुताराचे इतके, रंगाऱ्याचे इतके. सिमेंटचे दिवस त्यात धरलेले नसतात. सिमेंट वाळून घट्ट होतं, असा समज आहे. खरं तर ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, म्हणून गिलाव्यावर निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं. नंतर तेच पाणी भिंतीबाहेर पडायलाही वेळ द्यावा लागतो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की पुढे पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुटतात. भिंतीलगतचं प्लायवूडचं कपाट ओल ओढून फुगतं. दुप्पट मजूर लावले तरी हे दिवस कमी होत नाहीत.

सगळ्यांत जास्त घाई बाथरूममध्ये होते आणि ती सगळ्यांत महाग पडते. जुन्या लाद्या आणि त्याखालचा कोबा काढायचा, स्लॅब स्वच्छ करायचा, पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवायचा, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्याला गोलाई द्यायची, मग वॉटरप्रूफिंग. ते झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि 48 तास तसंच ठेवायचं. या काळात खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे स्वतः बघा. हे काम ठेकेदाराच्या माणसावर सोडू नका. छत कोरडं राहिलं तर कोबा करा, पुन्हा पाणी भरून बघा, मगच लाद्या. हे दिवस वाचवले आणि गळती निघाली, तर नव्या लाद्या फोडाव्या लागतात, शिवाय शेजाऱ्यांचं छत दुरुस्त करून द्यावं लागतं.

माझ्या मते उशिराचं सर्वांत मोठं कारण मात्र घरमालकाचे निर्णय. आपण टाइल्स आधी निवडतो आणि नळ शेवटी. पण शॉवरच्या कन्सील्ड नळाचा मुख्य भाग भिंतीच्या आत बसतो. मॉडेल ठरल्याशिवाय प्लंबर तो बसवू शकत नाही आणि तो बसल्याशिवाय लादी लागत नाही. गीझर कुठे, एसीच्या पाण्याचा पाइप कोणत्या उतारानं, ओट्यावर मिक्सरचा पॉइंट कुठे, हे सगळं भिंतीला चर पाडण्याआधी ठरलेलं हवं. तुम्ही आठवडाभर विचार करता, तोवर प्लंबर दुसऱ्या साइटवर जातो आणि तिथलं संपल्यावरच परततो. त्याला दोष देता येत नाही, त्याचा रोज बुडतो. म्हणून पहिला हातोडा पडण्याआधी नळ, कमोड, गीझर, शेगडी, चिमणी, सगळ्यांची मॉडेलं ठरवून मापं कागदावर घ्या. चर बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तो कामी येईल.

तुमच्या इमारतीच्या वयामुळे एक जादा कारण आहे. जुना गिलावा काढला की स्लॅबच्या गंजलेल्या सळया दिसू शकतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, काँक्रीट आतून फुटतं आणि ठोकून पाहिलं की पोकळ आवाज येतो. ही दुरुस्ती कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल सचिवांकडून मागून वाचा आणि कोणतीही भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाडू नका.

वेळ वाचवायला जुन्या फरशीवरच नवी फरशी घालू, असं कोणी सुचवलं तर थांबा. पाच सेंटिमीटर मसाला आणि वर लादी म्हणजे चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो. घरातली माणसं आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानकांत धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 200 किलो असतो. त्यातला निम्म्याहून अधिक तुम्ही फरशीतच घालवाल. वरूनच लावायची असेल, तर ॲडहेसिव्हचा पातळ थर वापरा. तोही जुनी फरशी घट्ट असेल तरच.

बाकी छोटे अडथळे असतातच. अनेक सोसायट्यांत दुपारी ठोकाठोक बंद, रविवारी काम बंद, राडारोड्याला लिफ्ट बंद. वायरिंग जुनं असेल तर सगळं बदला आणि अर्थिंग तपासून घ्या. इथे काटकसर नको.

ठेकेदाराकडून वेळापत्रक लेखी घ्या. त्यात पाणी मारण्याचे, पाणी भरून ठेवण्याचे आणि भिंती सुकण्याचे दिवस वेगळे दाखवायला सांगा. हप्ते तारखांना न बांधता टप्प्यांना बांधा. या हिशेबानं तुमच्या घराला चार महिने लागले तर तो उशीर नाही.

काम दसऱ्यानंतर काढा, पण घराची पाहणी जुलैतच करा. बाहेरच्या भिंतींतून येणारी ओल तेव्हाच दिसते. डागांच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. ऑक्टोबरात भिंत कोरडी दिसेल आणि ठेकेदार म्हणेल, इथे काही नाही. तेव्हा त्याला ती रेघ दाखवा.