पीक राखणीची बंदूक : निगा, भरवसा व सुरक्षितता

धानाची लोंबी चिकात आली की मौदा तालुक्यात राखणीचे दिवस सुरू होतात. कन्हान काठची बांधी असो की पेंच कालव्याखालची, सकाळी मुनिया, सुगरण व चिमण्यांचे थवे उतरतात आणि रात्री रानडुकरे शिरतात. अशा वेळी काही घरांतून परवान्याची जुनी १२ बोअरची बंदूक खुंटीवरून खाली येते. वर्षभर भिंतीवर टांगलेली ही बंदूक ऐन गरजेच्या रात्री दगा देते, ही तक्रार मेळाव्यांतून नेहमी ऐकू येते.

तालुक्यातील एका गावी एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, "साहेब, एकनळी वेळेवर वाजत नाही. आता ऑटोमॅटिक घेतली तर कसं होईल?" अधिक विचारल्यावर कळले की, आदल्या हंगामात चाप ओढूनही बार झाला नाही म्हणून ते बंदूक खाली करून उघडणार, तोच बार झाला. धुऱ्यावर बसलेल्या नातवाच्या पायापासून हातभर अंतरावर छर्रे जमिनीत घुसले. काडतूस दोन पावसाळे खताच्या खोलीत पडून होते. बंदूक बदलून हा धोका गेला नसता. म्हणून या लेखात बंदुकीची निगा, बार न झाल्यास घ्यावयाची काळजी आणि पाखरांसाठी बंदुकीवाचूनचे उपाय यांची माहिती दिली आहे.

बंदूक कशासाठी, हे आधी समजून घ्यावे

पूर्वी तळ्याकाठी बदके, लावे, तितर यांची शिकार होत असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नंतर ते दिवस संपले. रानपाखरू मारणे, पकडणे किंवा त्याची अंडी काढणे हा गुन्हा आहे. या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती व तीत कावळाही होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढली गेली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रानडुकरासाठीही वन विभागाची लेखी परवानगी लागते. नुसता बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

शेजारच्या भंडारा-गोंदिया भागात सारस पक्षी धानाच्या बांध्यांच्या आधाराने जगतो व महाराष्ट्रात त्याची संख्या आता फार थोडी उरली आहे. बगळे व वंचक बांधीतील किडी खातात, घुबड उंदीर मारते. तेव्हा पाखरांवर छर्रा झाडणे कायद्याने गुन्हा आहे आणि शेतीच्या हिशेबानेही तोट्याचे आहे.

अर्धस्वयंचलित बंदूक आपल्या कामाची आहे काय?

ज्या बंदुकीत एक बार झाल्यावर रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडते व दुसरे आपोआप नळीत चढते, परंतु प्रत्येक बारासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो, ती अर्धस्वयंचलित बंदूक होय. अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग यांनी तयार केलेली अशी छऱ्याची बंदूक विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये बनू लागली. तीत बाराच्या धक्क्याने नळी मागे सरकते व त्या जोरावर काम होते. पुढे बाराचा थोडा वायू छिद्रातून घेऊन दट्ट्या ढकलणाऱ्या बंदुका आल्या. परदेशात पाखरांच्या शिकारीसाठी त्या वापरतात. मात्र स्थलांतरित पाखरांसाठी एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे भरता येऊ नयेत, असे बंधन अमेरिकेत १९३५ पासून आहे.

या बंदुकीचा भरवसा पुढील गोष्टींवर अवलंबून असतो.

१) काडतूस पुरेशा जोराचे हवे. हलक्या काडतुसाने यंत्र पूर्ण मागे जात नाही व रिकामे काडतूस दारातच अडकते.

२) वायूचे छिद्र व दट्ट्या यांवर काजळी साचली की चाल मंद होते. त्यामुळे ते भाग वारंवार खोलून पुसावे लागतात.

३) दमट हवेने फुगलेले काडतूस नळीत पूर्ण बसत नाही.

४) धानाचे तूस, धूळ व घट्ट ग्रीस एकत्र झाले की स्प्रिंगची ताकद कमी पडते.

याशिवाय एक मोठा धोका आहे. पहिला बार होताच दुसरे जिवंत काडतूस नळीत आलेले असते. एकनळी किंवा दुनळी मोडून उघडली की ती भरलेली आहे की रिकामी, हे लांबूनही दिसते. अर्धस्वयंचलित बंदुकीत ते तसे दिसत नाही. अंधारात, चिखलात, धुऱ्यावरून चालताना हा फरक जिवावर बेतू शकतो. शस्त्र नियमांतही अशा बंदुकांचा वर्ग साध्या बंदुकीपासून वेगळा आहे. पीक राखणीच्या साध्या परवान्यावर ती मिळेल, असे धरून कोणी पैसे गुंतवू नयेत. कमी भागांची, चांगली राखलेली एकनळी हीच शेतावर अधिक भरवशाची.

बंदूक दगा का देते?

वापरलेल्या काडतुसाची टोपी पाहिली तर निम्मे निदान होते.

टोपीवर खोल खूण आहे, पण बार नाही : काडतूस ओलसर किंवा जुने आहे. त्या खोक्यातील बाकी काडतुसेही वापरू नयेत.

टोपीवर उथळ खूण आहे : फायरिंग पिन झिजलेली आहे, स्प्रिंग कमजोर झाली आहे किंवा आत तेल घट्ट झाले आहे. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच दाखवावे. पिन घरी घासू नये.

रिकामे काडतूस निघत नाही : काडतूस बसते तो भाग गंजला आहे किंवा कागदी काडतूस फुगले आहे.

बंद केल्यावर सांध्यात फट दिसते किंवा नळी हलते : बिजागरी झिजली आहे. अशी बंदूक अजिबात चालवू नये.

साफसफाईची पद्धत

प्रथम दार लावून, मुलांना बाहेर ठेवून, बंदूक उघडावी व ती रिकामी असल्याची डोळ्याने व बोटाने खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

१) नळी काढून उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत पाहावे. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशा अडथळ्यावर बार झाला तर नळी फाटते.

२) लाकडी किंवा पितळी गजाला चिंधी बांधून ती काडतुसाच्या बाजूने तोंडाकडे न्यावी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहावी. शिशाचा थर असल्यास पितळी तारेचा ब्रश फिरवावा.

३) रॉकेलने घाण सुटते, परंतु ते उडून गेल्यावर लोखंडाला संरक्षण राहत नाही. म्हणून नंतर कोरडे पुसून बंदुकीचे किंवा शिलाई यंत्राचे पातळ तेल चिंधीने लावावे. थेंब ओघळू देऊ नये.

४) खाण्याचे तेल यंत्रात कधीही घालू नये. ते वाळून चिकट होते व पिनेची चाल मंदावते. जवसाचे तेल मात्र लाकडी दस्त्याला उत्तम. तळहाताने चोळून पातळ थर द्यावा व वाळू द्यावा.

५) वापरण्यापूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे.

६) शेवटी हात साबणाने धुवावेत. छर्रा शिशाचा असतो व शिसे विषारी आहे.

ठासणीची म्हणजे भरमार बंदूक असल्यास काळ्या दारूची राख हवेतील ओलावा ओढते व एका रात्रीत गंज चढवते. ती त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेल लावावे.

साठवण

बंदूक कातडी किंवा कापडी म्यानात कायम ठेवू नये, कारण म्यान ओल धरते. युरिया व इतर खतांच्या खोलीत बंदूक किंवा काडतुसे ठेवू नयेत. खतांचे क्षार ओलाव्याबरोबर लोखंड व पितळ खातात. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर, बंदुकीपासून वेगळी व कुलपात ठेवावीत. डब्यावर खरेदीचे वर्ष लिहावे व जुनी आधी वापरावीत. पितळेवर हिरवा थर आलेले, फुगलेले किंवा चेपलेले काडतूस बाजूला काढावे. ते विहिरीत किंवा चुलीत न टाकता परवानाधारक विक्रेत्याचा किंवा पोलीस ठाण्याचा सल्ला घ्यावा.

१२ बोअरच्या बंदुकीजवळ २० बोअरचे काडतूस कधीही असू नये. ते नळीत पुढे जाऊन अडकते, त्यामागे १२ बोअरचे काडतूस बसते आणि बाराबरोबर नळी फुटते. जुन्या बंदुका बहुधा अडीच इंची काडतुसांच्या असतात. त्यांत पावणेतीन इंची घालू नयेत. नळीवरील खुणा विक्रेत्याकडून वाचून घ्याव्यात.

निवडणूक काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश आल्यास देण्यापूर्वी तेल लावावे, पावती घ्यावी व परत आल्यावर प्रथम नळी तपासावी.

चाप ओढूनही बार न झाल्यास

हे कलम घरातील प्रत्येक परवानाधारकाने पाठ करावे. टोपी पेटूनही दारू उशिरा धरू शकते. म्हणून नळीचे तोंड निर्धोक दिशेलाच धरून ठेवावे. सावकाश साठपर्यंत आकडे मोजावेत. नंतर चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडावी. बार फुसका वाटला तर दुसरे काडतूस भरण्यापूर्वी नळीतून आरपार पाहावे. आत डाट अडकला असण्याचा संभव असतो. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने एक मिनिट थांबले असते तर त्यांचा नातू त्या धोक्यात सापडला नसता.

पाखरांसाठी काय करावे?

मुख्य नुकसान लोंबी चिकात असल्यापासून दाणा घट्ट होईपर्यंत होते. पाखरे सकाळी व सायंकाळी जास्त उतरतात. तेव्हा दिवसभर राखणीपेक्षा या दोन वेळा सांभाळाव्यात. लाल-चंदेरी चकाकणारी फीत खांबांना तीन-चार पीळ देऊन पिकाच्या थोडी वर ताणावी. वाऱ्याने ती चमकते व फडफडते. गोफण, डबे, बुजगावणे यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, कारण पाखरे एकाच उपायाला लवकर सरावतात. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी पक्व होणारे वाण घेतल्यास नुकसान विभागले जाते. आडबाजूचा एकटा लवकर येणारा तुकडा मात्र सर्वांत जास्त खाल्ला जातो.

पाइपात कॅल्शियम कार्बाइड व पाणी घालून आवाज काढणारी घरगुती तोफ वापरू नये. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ व परिसरात अशा नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. आवाज झाला नाही म्हणून आत डोकावताना वायू भडकतो. न झालेला बार हाच तेथेही धोका ठरतो.

कायद्याच्या काही बाबी

ज्याच्या नावे परवाना आहे किंवा परवान्यात राखणदार म्हणून ज्याचे नाव आहे, त्यानेच बंदूक हाताळावी. सालदाराच्या हाती ती देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे असून एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज करावा. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शेतकरी बंधूंनो, पेरणीपूर्वी आपण तिफण तपासतो, फवारणीपूर्वी पंपाचे वॉशर पाहतो. पावसाळ्याआधी एकदा व धान चिकात येण्यापूर्वी एकदा, अर्धा तास देऊन बंदूकही तपासावी. तपासल्यावर ती चालवण्याजोगी नाही किंवा तिची गरजच उरली नाही असे वाटल्यास रीतसर जमा करावी. घरातील लेकरांच्या दृष्टीने तोही एक चांगला निर्णय ठरेल.