सारांश कसा लिहावा?

मंडळीत शास्त्रपाठ वाचून झाल्यावर, “ह्यात काय सांगितले आहे?” असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे चार वाक्यांत खरे उत्तर देता येणे हे उपदेशकाच्या कामातील मोठे अंग आहे. ज्यांना अक्षरओळख नाही ते आपल्याच तोंडून शास्त्र ऐकतात. म्हणून सारांश करण्याच्या रीतीविषयी येथे थोडे लिहीत आहो.

मूळ लेखातील मुख्य गोष्ट व तिला आधार देणारे मुद्दे थोडक्यात, आपल्या शब्दांत सांगणे, ह्यास सारांश म्हणतात. भाष्यात आपण अर्थ उलगडून दाखवितो आणि बोधात काय करावे ते सांगतो; परंतु सारांशात लेखकाने जे म्हटले तेवढेच यावे. बाई सुपाने धान्य पाखडते तेव्हा फोल उडते व दाणा राहतो. सुपात खडे पडू नयेत आणि दाणाही उडू नये, ही दोन्ही पथ्ये सारांश करणाराने पाळावयाची आहेत.

उदाहरणार्थ, पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र घेऊ. ते एकाच अध्यायाचे असून त्यात २५ वचने आहेत.

प्रथम ते सबंध दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात लेखणी हाती घेऊ नये. मग कोण, कोणाला, कोणाविषयी आणि कशासाठी लिहितो, हे चार प्रश्न विचारावे. नंतर पत्राचे भाग पाडावे. वचने १ ते ३ मध्ये सलाम, ४ ते ७ मध्ये उपकारस्तुती, ८ ते २१ मध्ये विनंती, २२ मध्ये पौलाच्या उतरण्याची सोय, आणि शेवटी सलाम व आशीर्वाद. सर्वांत मोठा भाग विनंतीचा आहे; तेव्हा सारांशातही तिलाच मोठी जागा द्यावी. सलामातील नावे गाळली तरी चालतील. शेवटी पुस्तक मिटून लिहावे व पुन्हा उघडून ताडून पाहावे. सारांश असा होईल:

पौल बंदिवासातून फिलेमोनाला लिहितो. त्याच्या प्रीतीबद्दल व विश्वासाबद्दल देवाचे आभार मानून तो अनेसिम नावाच्या दासासाठी रदबदली करतो. अनेसिम पौलाच्या द्वारे ख्रिस्ती झाला आहे. पौल त्याला परत पाठवीत आहे. परंतु फिलेमोनाने आता त्याला दासाहून श्रेष्ठ, म्हणजे प्रिय भावाच्या नात्याने घरात घ्यावे, आणि त्याच्याकडून काही येणे असल्यास ते पौलाच्या खाती मांडावे. फिलेमोन ह्याहूनही अधिक करील, असा पौलाला भरवसा आहे.

आता दोन चुका पाहा. पहिली, पदरचे घालणे. “अनेसिम चोरी करून पळाला,” असे पुष्कळ जण सांगतात. पत्रात तो काही काळ दूर झाला होता असे आहे, आणि नुकसानीची गोष्ट “जर” ह्या शब्दाने सांगितली आहे. तो पळाला असावा हे अनुमान भाष्यात मांडावे, सारांशात नव्हे. “जर” गाळला की संशयाचा आरोप होतो.

दुसरी चूक, दाणाच उडविणे. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना धन्याच्या हाती परत देण्याविषयी कडक कायदा झाला. त्या काळी गुलामगिरीची बाजू घेणारे कित्येक उपदेशक ह्याच पत्राचा आधार देत. पौलाने दासाला धन्याकडे परत पाठविले, हा त्यांचा सारांश. त्यात शब्द खोटा नव्हता, तरी सारांश खोटा होता. कारण ज्या नात्याने परत घ्यावे म्हणून पौलाने लेखणी उचलली, ते भावाचे नातेच त्यातून गळले. ज्यांच्या वाडवडिलांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना हे नाते गळणे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको.

म्हणून सारांश पुरा झाल्यावर स्वतःस विचारावे, “लेखक येथे असता, तर मी हेच म्हटले, असे तो कबूल करता काय?”

अभ्यासासाठी योनाचे पुस्तक घ्यावे. अध्याय ४ आणि वचने ४८ आहेत. सारांश दहा ओळींत करावा. पुष्कळांच्या सारांशात मासा राहतो आणि निनवे गळते. चौथ्या अध्यायात योनाचा राग व त्या मोठ्या नगराविषयी देवाची कळवळा आहे. पुस्तक देवाच्या प्रश्नाने संपते. तो प्रश्न आपल्या दहा ओळींत आला आहे की नाही, हे प्रथम पाहावे.