दवाखाना घेण्याआधी

भिवंडी, शुक्रवार

चि. बाळ,


इंटर्नशिप संपत आली आणि 'मामांचा दवाखाना मी चालवते' असं तू आईकडून कळवलंस. ऐकून बरं वाटलं. तरी उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. आत्ता नको. नीट-पीजीला बस, प्रसूतिशास्त्राची जागा मिळव, तीन वर्षं झीज सोस. त्यानंतरही भिवंडीला यावंसं वाटलं तर ये.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. मावश्या, काका, चुलत भावंडं सगळी इस्रायलात, लोद नि अश्दोदला गेली. मामाचा दवाखाना बंद झाला की इथलं आपलं खातंच बंद, असं तुला वाटतं. एके काळी या देशात आपण बेने इस्रायल ज्यू वीसेक हजार होतो, आज चार-पाच हजार उरलेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो उगाच नाही. पण समाजाची पाटी टिकवायला कुणी डॉक्टर होऊ नये. पाटीखाली येऊन बसणाऱ्या बाईचं पोट दुखत असतं. तुझ्या घराण्याशी तिला काय करायचंय?

लहानपणापासून तू आपल्यातल्या मोठ्या डॉक्टरांची नावं ऐकत आलीस. डॉ. ई. मोझेस १९३७-३८ला मुंबईचे महापौर होते, वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. डॉ. अब्राहम एरूळकरांनी गांधीजींवर उपचार केले, पुढे ते मेडिकल कौन्सिलचे अध्यक्षही झाले. त्यांच्याच घराण्यातले बॅरिस्टर डेव्हिड एरूळकर १९१६च्या राजद्रोहाच्या खटल्यात जिनांच्या बरोबरीने टिळकांच्या बाजूने उभे होते. डॉ. अब्राहम यांची लेक लीला हिने ग्लाफ्कोस क्लेरिदिस यांच्याशी लग्न केलं. ते पुढे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झाले. लग्नकार्यात या गोष्टी सांगायला छान वाटतात. इथल्या शांतीनगरच्या यंत्रमाग कामगाराला त्यातलं एकही नाव ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही.

त्यातलं एकच आयुष्य नीट वाच म्हणून सांगेन, डॉ. जेरुशा झिराड यांचं. जन्म १८९०चा, शिमोग्याचा; शाळा पुण्याची हुजूरपागा. बहीण आजारी पडली तेव्हा मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन बाईंनी तिला बरं केलं, आणि या मुलीने ठरवलं की आपणही याच हॉस्पिटलच्या डॉक्टर व्हायचं. १९१२ला ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल.एम.एस. झाल्या. तेवढ्यावर त्यांचा दवाखाना सहज चालला असता, कारण पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. तरी त्या थांबल्या नाहीत. टाटांची कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन, ऐन महायुद्धाच्या काळात, लंडनला गेल्या. पुढे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ला प्रसूतिशास्त्रात लंडनच्या एम.डी. झाल्या. मग दिल्लीचं लेडी हार्डिंग, बंगळूर, आणि अखेर कामा. तिथे १९४७पर्यंत त्या अधीक्षक होत्या. पुढे १९६६ला पद्मश्री मिळाली.

पदव्या आणि मान बाजूला ठेव. मला त्यांचं जे काम सगळ्यांत मोठं वाटतं, त्याचा फारसा गवगवा झाला नाही. मुंबईत बाळंतपणात किती बाया मरतात आणि कशाने मरतात, याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली, आणि १९४१ साली तिचा अहवाल छापून आला. बाई दगावली की 'देवाची मर्जी' म्हणून चादर ओढायची रीत होती. या बाईंनी प्रत्येक मृत्यूला कारण विचारलं. रक्त आधीच कमी होतं का? दवाखान्यात आणायला उशीर झाला का? झाला असेल तर कुणामुळे? हे विचारायला आधी स्वतःच्या विद्येवर पक्की मांड लागते. अर्धवट शिकलेला डॉक्टर असे प्रश्न टाळतो, कारण उत्तर त्याच्याच दारात येऊन थांबायची भीती असते. म्हणून तुला आधी शिक म्हणतो.

आता भिवंडीचं. इथला पेशंट तुझ्या पुस्तकातला नाही. बारा तासांची पाळी, मागांचा खडखडाट, हवेत सुताची धूळ. कामगार मोठ्याने बोलतो तो भांडायला नव्हे, त्याला कमी ऐकू येतं. दहा-बाराजण एका खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि जेवायला बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जातात. अशा खोलीत एकाला क्षय झाला तर तपासणी सगळ्यांची करायची. सहा महिन्यांचं औषध दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सुटतं, नाहीतर माणूस 'मुलूख' गाठतो म्हणून सुटतं. त्याला रागावून उपयोग नसतो. गावचा पत्ता आणि तिथलं जवळचं सरकारी केंद्र विचारून ठेव, चिठ्ठी त्याच्या खिशात घाल, आणि परतल्यावर आधी मला भेट म्हणून सांग. निजामपूरच्या कोकणी मुसलमान घरांतल्या आजीबाई, पद्मानगरचे तेलुगू विणकर, आसपासच्या पाड्यांवरच्या आगरी नि वारली बाया, प्रत्येकाचं दुखणं सांगायचं वळण निराळं. ते कानाला बसायला वर्षं जातात. ते ऐकायची सवय मात्र आजपासून लावता येते.

लोक तुला सांगतील की मामांना दोन्हीकडचे मानायचे, कारण मामा ना हिंदू ना मुसलमान. १९८४च्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर हे वाक्य मी फार ऐकलं. ते खोटं आहे. संचारबंदीत मी पास घेऊन फिरत होतो, तेव्हा या मोहल्ल्यात नि त्या आळीत दार उघडलं गेलं ते माझ्या धर्मामुळे नव्हे. त्याआधीच्या वर्षांत त्या दारांच्या आत मी ताप पाहिला होता, पैसे नसताना उधार लिहिलं होतं, आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात कधी नेली नव्हती. मधे जन्माला येणं हा योगायोग आहे. त्याच्या जोरावर विश्वास मिळतो असं समजून बसलीस तर पहिल्याच अडचणीच्या दिवशी तोंडघशी पडशील. म्हणूनच माझी खुर्ची तुला देता येईल, माझे पेशंट देता येणार नाहीत. त्यांनी मला जोखलं, तसं ते तुलाही पहिल्यापासून जोखतील.

घरचंही बोलतो, कारण पेढे वाटताना ते कुणी सांगत नाही. डॉक्टर एकटा डॉक्टर नसतो. तुझ्या मामीने वर्षानुवर्षं औषधांचा हिशेब ठेवला, रडणारी पोरं सांभाळली, आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावून किद्दुशच्या प्रार्थनेसाठी माझी वाट पाहिली. जीव वाचवण्यासाठी शब्बाथची विश्रांती मोडायची ही आपल्या धर्माची आज्ञा आहे, तेव्हा अडलेल्या बाळंतिणीकडे मी निःशंक गेलो. पण साध्या सर्दीपडशाला 'उद्या संध्याकाळी या' म्हणायलाही मामीनेच शिकवलं. किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी दवाखाना बंद ठेवून आम्ही ठाण्याच्या मशिदीत जायचो. १८७९चं ते सिनेगॉग, माझी आई त्याला मशीदच म्हणायची. 'आज डॉक्टरांचा रोजा आहे' असं पेशंटच एकमेकांना सांगून परत जायचे. तात्पर्य, तुझा वेळ घरासाठी आधी बाजूला काढ. लोक तो पाळतात. आणि लग्न करशील तर वेळी-अवेळी दार वाजल्यावर कपाळाला आठी न घालणाऱ्या माणसाशी कर. त्याचा पगार किती हे नंतर विचार.

राहता राहिला इस्रायलचा प्रश्न. मावशी म्हणते, तिकडे डॉक्टरांना मान आहे. आहेच. जावंसं वाटलं तर मोकळ्या मनाने जा, 'इथलं खातं बंद पडेल' या धाकाने थांबू नकोस. आणि थांबलीस तर 'आपण त्याग केला' असं मनात आणू नकोस. त्याग केला म्हणणारा डॉक्टर लवकरच पेशंटकडून त्याचं व्याज मागू लागतो.

कुठेही बसलीस तरी एक वही ठेव. संगणक असू दे, तरी वही ठेव. आपल्या हातून गेलेला, उशिरा आलेला, औषध सोडून निघून गेलेला असा प्रत्येक पेशंट तीत लिही, आणि समोर एका ओळीत कारण लिही. दर महिन्याला ती वाच. डॉ. झिराडांनी शहरासाठी केलं ते तुझ्या गल्लीपुरतं तुला करता येईल, आणि त्यासाठी पद्मश्रीची गरज नाही.

अर्जाची मुदत चुकवू नकोस. फीची काळजी आईवर टाकू नकोस, मला कळव. जागेच्या मालकाशी भाड्याचं मी बोलतो. तू येईपर्यंत दवाखाना राहिला तर राहिला, नाही राहिला तर दुसरी जागा मिळेल. भिवंडीत गाळ्यांची टंचाई नाही, शिकलेल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांची आहे.

शब्बाथ शालोम.

तुझा,
मामा