कान दुखतो, पण दुखणं जबड्याचं

"डॉक्टर, कान तपासून आले, कान स्वच्छ आहे म्हणतात. पण मला तर कानातच ठणकतंय!" ही तक्रार दातांच्या दवाखान्यात सारखी येते. आधी काय उपाय केले असं विचारलं की यादी निघते. लसूण घालून कोमट केलेलं तेल, मेडिकलमधून न विचारता आणलेले थेंब, घरात कुणाचे तरी उरलेले थेंब. जिथे दुखतं तिथेच बिघाड असणार, हा समज काही केल्या सुटत नाही.

एक साधी तपासणी करून पाहा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या अगदी पुढे, गालावर ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा-मिटा. बोटांखाली जे हलतं, तो जबड्याचा सांधा. कानाची नळी त्याला अगदी चिकटून मागे असते. शिवाय सांध्याच्या संवेदना नेणारा मज्जातंतू कानाच्याही काही भागाला संवेदना पुरवतो. म्हणून दुखणं सांध्याचं असलं तरी ते कानात वाटतं. तिथे दाबल्यावर, घास चावताना किंवा जांभई देताना दुखणं वाढत असेल, तर संशय जबड्यावर घ्यायला हवा. कानातून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल, तर मात्र कानाच्याच डॉक्टरांकडे जा. तेल दोन्ही वेळी नको. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं.

शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आल्या होत्या. कानाचे थेंब झाले होते, अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, 'बहुतेक तिचंच असेल' म्हणून अक्कलदाढही काढून झाली होती. दुखणं होतं तिथेच. बोलता बोलता कळलं, दुखणं सुरू झालं ते वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत. वाकून तासन्‌तास बसायचं आणि दात घट्ट आवळून धरायचे. रात्री दात करकर वाजतात, हे त्यांच्या यजमानांनी सांगितलं. गालाच्या स्नायूंवर बोट ठेवताच त्या कळवळल्या. आवळण्याची सवय सुटली, जबड्याला विश्रांती मिळाली आणि काही आठवड्यांत त्या पूर्ववत जेवू लागल्या. अक्कलदाढ मात्र विनाकारण गेली.

दात एकमेकांना फक्त गिळताना आणि चावताना टेकायला हवेत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. मोबाइल पाहताना, गाडी चालवताना, भांडण गिळताना आपले दात आवळलेले आहेत का, हे दिवसातून अनेकदा तपासा. निम्मा उपचार यातच आहे.

उरलेला उपचारही अवघड नाही. काही दिवस मऊ भात, खिचडी, उपमा, वरणात कुस्करलेली पोळी खा. ऊस, चिक्की, कडक भाकरी आणि सुपारी बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. गालावर दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक दिवसातून दोन-तीनदा घ्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितली तर, सांगितली तितकेच दिवस घ्या. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊन पोट आणि मूत्रपिंड बिघडवू नका. गरज पडली तर दातांवर बसवायची रात्रीची पट्टी आणि फिजिओथेरपी मदत करते. बहुतेकांना एवढ्यावर बरं वाटतं. दात घासून चावा बदलणं किंवा थेट शस्त्रक्रिया असं परत न फिरवता येणारं काही कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तोंड उघडताना 'कट्‌' आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं? मग काळजी सोडा. सांध्यातली कूर्चेची चकती थोडी सरकल्याने असा आवाज अनेकांना येतो. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. 'एका झटक्यात जबडा बसवा' असे व्हिडिओ बघून मान-जबड्याला हिसके देणं तर पूर्ण बंद करा. जबड्याला धार यावी म्हणून कडक रबर तासभर चघळणाऱ्या मुलांनाही हेच सांगणं आहे. तुम्ही जबडा घडवत नाही, दुखावताय.

पण काही खुणा दिसल्या तर घरी बसू नका. तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात मावायला हवीत. मावत नसतील तर दाखवा. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी तर आजच. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही गुटखा खाणारे थांबलेले नाहीत. त्यांचं आखडलेलं तोंड बहुधा सांध्याचं नसतं. आतली त्वचा ताठ होण्याचा तो आजार असतो आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तर दाढेचा पू पसरत असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जांभई देताना तोंड उघडंच राहिलं तर घरी कुणाला दाबू देऊ नका. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं आणि नजर अंधूक होते, तर त्याच दिवशी तपासणी हवी, उशिराने दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखतो, घाम फुटतो, छातीवर दाब येतो, तर ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा.

यातलं काही नसेल, तर घाबरू नका. दोन आठवडे वर सांगितलेलं नेमाने करा. तरीही दुखत राहिलं तर दंतवैद्याकडे किंवा मुख-शल्यचिकित्सकाकडे जा आणि दुखणं केव्हा, कशाने वाढतं ते सांगा. त्या उत्तरात निदानाचा मोठा भाग असतो.